गळती दहा टक्के

माझ्या वहिनींना सगळं गाव ‘चावीबाई’ म्हणतं. पाण्याचे व्हॉल्व्ह उघडायची एक लोखंडी चावी असते, कमरेच्या वर येईल एवढी लांब, वरच्या टोकाला आडवा दांडा. ती खांद्यावर टाकून वहिनी रोज सकाळी निघायच्या आणि रस्त्यातली माणसं आपोआप बाजूला व्हायची. त्यात आदर किती आणि चावी डोक्याला लागेल ही भीती किती, हे मला आजवर ठरवता आलेलं नाही.

मी त्यांचा धाकटा दीर, गावच्या पाणी समितीचा कारकून. म्हणजे पाणी सोडणार वहिनी आणि ‘पाणी सोडले’ असं लिहिणार मी. पंखा माझ्या डोक्यावर, ऊन त्यांच्या. तीस वर्षं मी कागदी घोडे नाचवले. त्यातल्या एका घोड्याने कशी लाथ मारली, त्याची ही हकिगत आहे. सांगताना माझी अब्रू जाणार आहे. जाऊ दे, तशीही ती फारशी वापरात नव्हती.

आधी पंपावर माझा मोठा भाऊ होता. या हकिगतीच्या अठरा वर्षं आधी तो पंपघराच्या पायरीवर छातीत कळ येऊन बसला तो उठलाच नाही. त्याच्या जागी वहिनी आल्या. समितीत कुरकुर झाली, बाईमाणसाला हे काम झेपेल का म्हणून. वहिनींनी चावी उचलली, अध्यक्षांच्या टेबलावर आडवी ठेवली आणि म्हणाल्या, “ज्याला झेपतं त्याने आत्ता माझ्यासमोर मुख्य व्हॉल्व्ह उघडून दाखवावा. मी घरी जाते.” अध्यक्षांचं लोखंडी सामानाचं दुकान, दिवसभर सळया उचलणारा माणूस. तोही टेबलावरून कागद गोळा करायला लागला.

वहिनींची एक खोड होती. जाता येता कुठल्याही व्हॉल्व्हवर चावी टेकवायच्या आणि दांड्याला कान लावायच्या. लोखंडातून पाण्याचा आवाज वर येतो. नळ चालू असेल तर वेगळा, सांधा गळत असेल तर वेगळा. नळाचं पाणी थांबत थांबत येतं म्हणायच्या, गळती न थांबता बोलत राहते. मी एकदा हौसेने कान लावला. मला लोखंड गार असतं एवढंच कळलं. “राहू द्या भाऊजी,” त्या म्हणाल्या, “तुमचा कान साहेबांच्या घंटीवर तयार झालाय.”

आता मुद्द्याचं. दर वर्षी जिल्ह्याच्या कचेरीतून एक छापील तक्ता यायचा. त्यात अकरावा रकाना असा: ‘वितरणातील गळती, टक्के’. आमच्या गावात तिथे कायम दहा असायचे. पूर आला, दहा. पाइप फुटून बाजारात कारंजं उडालं, दहा. कारण साधं होतं. पंधराच्या वर आकडा गेला की वरून पत्र यायचं, ‘स्पष्टीकरण द्यावे’, आणि मागोमाग तपासणीची जीप. शून्य लिहिलं तर कोणी विश्वास ठेवत नाही. दहा हा सज्जन आकडा. ही अक्कल माझी. दादाला मीच शिकवली होती, आणि दादा गेल्यावर पहिल्या वर्षी वहिनींनी विचारलं, “मोजलं कुणी?” तेव्हा मी म्हणालो, “वहिनी, दादाही दहाच लिहायचे.” दादाचं नाव निघाल्यावर त्यांनी सही केली. अठरा वर्षांत अठरा सह्या. अक्षर माझं, सही त्यांची.

गावाची खालची आळी म्हणजे उताराचं शेवटचं टोक. तिथे कोण्या काटकसरी पूर्वजाने खणाई वाचवायला पिण्याचा पाइप आणि सांडपाण्याचं गटार एकाच चरात टाकलेलं. दोन्ही जुनी, दोन्ही तडकलेली. पाणी चालू असलं की पाइपातून बाहेर गळायचं. ते बंद झालं की रिकामा पाइप गटारातलं आत ओढून घ्यायचा. सकाळी पहिल्या दोन बादल्या खालच्या आळीत कोणी पीत नसे, आणि तरी उन्हाळा लागला की घरटी एक जण पोट धरून दवाखान्यात. वहिनींचं घर त्याच आळीत. एका उन्हाळ्यात त्यांची सहा वर्षांची नात अकरा दिवस सलाईनवर होती. वाचली. पण त्या अकरा दिवसांनंतर वहिनी माझ्याशी थट्टा करेनाशा झाल्या, हे माझ्या उशिरा लक्षात आलं.

त्याच वर्षी सरकारने लहान गावांसाठी पाणी आणि सांडपाण्याची कर्जयोजना आणली. ज्या गावांना बँक दारात उभी करत नाही, त्यांच्यासाठी. थोडं अनुदान, उरलेलं कर्ज, फेड चाळीस वर्षांत गावाच्या पाणीपट्टीतून. एकदा घेतलं की फिटेपर्यंत दुसरं मिळणार नाही. म्हणजे जे काही करायचं ते एकदाच, आणि चुकलं तर नातवंडांनी फेडायचं.

समितीने शहरातून एक सल्लागार आणला. त्याच्या गाडीत इतके नकाशे की त्याला बसायला जागा उरत नसे. त्याने माझे तक्ते चाळले, अठरा वर्षांचे दहा बघितले आणि निष्कर्ष काढला: गळती मामुली आहे, तरी पाणी पुरत नाही, म्हणजे पाणीच कमी. सबब नदीकाठी नवी विहीर आणि गावाच्या माथ्यावर आताच्या तिप्पट टाकी. टाकीचं चित्र त्याने इतकं सुंदर काढलं होतं की अध्यक्षांना खाली आपल्या नावाचा दगडही दिसायला लागला. टाकीचं लोखंड कुठल्या दुकानातून येणार, हे सांगायला नको.

कर्ज खात्याच्या अधिकारी बाई पाहणीला आल्या तेव्हा समितीच्या खोलीत सभा भरली. बाई तिशीच्या, पायात चिखलाचे बूट, बोलणं मोजकं. सल्लागाराने चित्र भिंतीला लावलं आणि रुबाबात म्हणाला, “शेवटी आडात नाही तर पोहऱ्यात कुठून येणार?”

मागच्या बाकावरून वहिनींचा आवाज आला. “आडात आहे हो. पोहराच फुटका आहे.”

खोलीत हशा पिकला. सल्लागार हसला नाही. “बाई, तुमच्याच सहीचे कागद आहेत. गळती दहा टक्के.”

“ते खोटे आहेत,” वहिनी म्हणाल्या.

हशा थांबला. माझ्या तोंडचं पाणी पळालं. वहिनी उठून पुढे आल्या, चावी हातातच होती. “अठरा वर्षं मी दहा लिहिलं. एकदाही मोजलं नाही. मोजलं असतं तर निम्म्याच्या जवळ आलं असतं, हे मला कानाने ठाऊक आहे. नवी टाकी बांधाल, ती त्याच सडक्या पाइपात ओताल, आणि आमची आळी तेच गटार प्यायची. वर चाळीस वर्षं त्याचे हप्ते भरायचे. आम्हाला टाकी नको. पाइप बदला आणि गटार वेगळ्या चरात न्या.”

अध्यक्ष वहिनींकडे धावलेच म्हणा ना. “अहो, हे कसलं हात दाखवून अवलक्षण! झाकली मूठ सव्वा लाखाची. योजना मंजूर होतेय, होऊ द्या की.”

“मूठ झाकून पाणी राहतं का?” वहिनी म्हणाल्या. “धरून बघा एकदा.”

अधिकारी बाईंनी पेनाचं टोपण लावलं. “योजनेचा नियम सांगते. गळती तिसाच्या वर असेल तरच पाइपांसाठी कर्ज देता येतं. तुमचे कागद दहा म्हणतात. मी कागदाविरुद्ध जायचं तर मला दोन गोष्टी लागतील. माझ्यासमोर मोजणी, आणि आधीचे आकडे खोटे होते असं तुमचं लेखी. ते लेखी मला तुमच्या जिल्हा कचेरीला पाठवावं लागेल. मग तुमच्या नोकरीचं काय होईल ते माझ्या हातात नाही.”

“दोन वर्षं राहिलीत हो निवृत्तीला,” अध्यक्ष कळवळून म्हणाले. या वेळी त्यांचा कळवळा खरा होता. “आणि दादांचंही नाव येईल. तेही दहाच लिहायचे.”

ते ऐकून वहिनींचा चेहरा क्षणभर पडला. भिंतीवर पंपघराचा जुना फोटो होता, त्यात दादा बाह्या सरसावून उभा. त्यांनी तिकडे बघितलं नाही, माझ्याकडे बघितलं. मी समोरच्या दौतीत काय शोधत होतो कोण जाणे.

“मोजणी उद्या दुपारी बाराला,” वहिनी म्हणाल्या. “लेखी आत्ता. भाऊजी, लिहा.”

मी लिहिलं. एवढ्यातही अक्षर नेहमीसारखंच वळणदार येत होतं, याचा मला राग आला. त्या सांगत होत्या, ‘हे आकडे मी कोणाच्याही सांगण्यावरून लिहिले नाहीत.’ मी मान वर केली. त्यांनी डोळे वटारले. “लिहा म्हटलं ना.” मी ते वाक्यही लिहिलं. अठरा वर्षांतलं माझं शेवटचं खोटं, आणि तेही त्यांच्या उपकाराचं.

मोजणीची रीत त्यांची स्वतःची होती, आणि अगदी सोपी. टाकी भरायची. पंप बंद. गावाचे सगळे व्हॉल्व्ह उघडे, आणि गावातला प्रत्येक नळ एक तास बंद. मग टाकीतलं पाणी हलायला नको. हललं, तर ते कोणी प्यायलेलं नाही.

गावात चारशे बारा नळ. संध्याकाळपासून वहिनी दारोदार फिरल्या. जुन्या चादरी फाडून पट्ट्या केल्या होत्या. प्रत्येक नळाला स्वतःच्या हाताने पट्टी बांधायची आणि सांगायचं, “उद्या बारा ते एक ही गाठ सोडाल तर माझी नोकरी फुकट जाईल. नाही सोडलीत तर ती जाईलच, पण कामी तरी येईल.” वरच्या आळीचं खालच्या आळीशी पिढ्यांचं वाकडं. पण वरच्या आळीतल्या बेकरीवाल्याने भट्टीचं काम सकाळीच उरकलं. न्हाव्याने दाराला पाटी लावली: ‘एक तास दाढी कोरडी’. अध्यक्षांच्या बायकोने नवऱ्यादेखत नळाला दोन पट्ट्या बांधून घेतल्या. “एक माझी, एक यांची,” ती म्हणाली.

दुसऱ्या दिवशी बाराला निम्मं गाव टाकीखाली. आमच्या टाकीला बाहेरून एक पट्टी आहे, आकडे रंगवलेली, आणि तिच्यावर लाल काटा. टाकीत एक तरंगता डबा असतो, त्याला दोरी बांधून ती वरच्या चाकावरून बाहेर काट्याला आणलेली. वहिनींनी पंप बंद केला, मुख्य व्हॉल्व्ह पुरता उघडला, आणि चावीवर हनुवटी टेकून उभ्या राहिल्या. गाव इतकं शांत मी कधी ऐकलं नव्हतं. कुठेच पाणी पडत नव्हतं.

पंधरा मिनिटांत लाल काटा वर सरकलेला दिसला. अर्ध्या तासात सगळ्यांना दिसला.

सल्लागाराने टाळीच वाजवली. “बघा मॅडम! पाणी कमी होणं दूरच, वाढतंय!”

सगळ्यांनी वळून त्याच्याकडे पाहिलं. मग बेकरीवाला हसला, त्याच्यामागे न्हावी, आणि मग हसण्याची लाट आली ती थांबेना. आमच्याकडची चार वर्षांची पोरंही जाणतात की डबा आत खाली गेला की दोरी ओढली जाते आणि काटा बाहेर वर चढतो. काटा वर म्हणजे पाणी खाली. टाकी रिकामी होते तेव्हा काटा टोकाला असतो. चाळीस वर्षांच्या कर्जाची टाकी रेखाटणाऱ्या माणसाने आहे त्या टाकीकडे एकदाही नीट पाहिलं नव्हतं. वहिनींनी तेवढ्यात त्याला दोरी दाखवली, अगदी प्रेमाने. “चुकतं हो पहिल्यांदा,” त्या म्हणाल्या. “मी तर अठरा वर्षं चुकले.”

एक वाजता काटा बरोबर एक हात वर होता. अधिकारी बाईंनी स्वतः शिडी चढून टेप लावला, मग खाली येऊन वहिनींना विचारलं, “दिवसाला किती तास पाणी सोडता?”

“आठ.”

“म्हणजे आठ हात.”

“टाकी नऊ हात खोल आहे,” वहिनी म्हणाल्या. “दिवसाला दोनदा भरते. त्यातली एक टाकी जवळजवळ पूर्ण जमीन पिते. उरलेल्या एकीत गाव भागवतं. आता सांगा, विहीर कशाला?”

बाईंनी वहीत आकडा लिहिला आणि त्याखाली रेघ मारली. मग दप्तरातून कालचं लेखी काढलं. “हे पाठवू ना? अजून विचार करा. मोजणी माझ्याकडे आहेच, मी काहीतरी...”

“काहीतरी करून तर इथवर आलो,” वहिनी म्हणाल्या. “पाठवा.”

तेव्हा माझं काय झालं ते मला सांगता येत नाही. शौर्य वगैरे नव्हतं. एवढे चारशे बारा नळ बंद होते आणि एकटा मीच गळत होतो असं वाटलं. मी बाईंच्या हातून तो कागद घेतला, टाकीच्या खांबावर टेकवला आणि खाली लिहिलं: ‘शेवटून दुसरे वाक्य खोटे आहे. दहा हा आकडा माझा. माझ्या भावालाही मीच सांगितला होता आणि यांनाही.’ आणि माझी सही केली, तारखेसकट.

वहिनी संतापल्या. “तुम्हाला कोणी विचारलं होतं?”

“कोणी नाही,” मी म्हणालो. “तेच तर दुःख आहे. इतक्या वर्षांत कोणी विचारलंच नाही.”

त्यावर त्यांनी चावी माझ्या खांद्यावर दिली आणि म्हणाल्या, “मग धरा. मुख्य व्हॉल्व्ह बंद करायचाय.” मला तो झेपला नाही. न्हावी आणि बेकरीवाला दोघे मदतीला लागले तेव्हा कुठे फिरला, आणि वहिनी सकाळपासून पहिल्यांदा मनापासून हसल्या. वर्षभरात माझ्याकडे बघून पहिल्यांदाच.

जिल्हा कचेरीने जे करायचं ते केलं. वहिनींना महिन्याभरात घरी बसवलं, निवृत्तिवेतनाला कात्री लावली. माझी एक वेतनवाढ बंद केली आणि जन्मभराचा शेरा दिला. कर्ज चौदा महिन्यांनी मंजूर झालं, पाइपांसाठी आणि खालच्या आळीच्या बंदिस्त गटारासाठी. नव्या टाकीचं चित्र अजून समितीच्या कपाटामागे आहे.

घरी बसवलेल्या वहिनी घरी बसल्या असतील असं वाटत असेल तर तुम्ही त्यांना ओळखलंच नाही. चर खणायला सुरुवात झाली त्या दिवसापासून त्या काठावर स्टूल टाकून हजर. ठेकेदाराने पहिल्याच दिवशी दोन्ही पाइप एका चरात टाकायचा घाट घातला, खणाई वाचते म्हणून. वहिनी चरात उतरल्या आणि आडव्या बसल्या. “टाका आता,” म्हणाल्या. त्या कोणत्या अधिकाराने बसल्यात असं त्याने विचारलं, तेव्हा त्या म्हणाल्या, “चाळीस वर्षं पाणीपट्टी भरणार आहे, त्या.” चर दोन झाले. गटार रस्त्याच्या पलीकडून, पाण्याच्या पाइपाहून खालच्या पातळीवर गेलं.

काम पुरं झालं त्या उन्हाळ्यात खालच्या आळीतून दवाखान्यात कोणी गेलं नाही. नात नळाला ओंजळ लावून पहिलंच पाणी प्यायली. वहिनींनी तिला अडवायला हात पुढे केला होता, तो तसाच अर्ध्यावर राहिला. मग त्यांनी तोच हात नळाखाली धरला आणि स्वतःही प्यायल्या. डोळे पुसताना म्हणाल्या, “तोंड धुतलं.” मी मान्य केलं.

पंपावर आता बेकरीवाल्याची सून आहे, वहिनींनी शिकवलेली. वर्ष सरलं तसा नेहमीचा छापील तक्ता आला. चादरीच्या पट्ट्या पुन्हा बांधल्या गेल्या, गाव पुन्हा तासभर थांबलं, काटा या वेळी वीतभरही चढला नाही. पण कागदावर हिशेब करताना पंपाचे सांधे, बाजारातला जुना तुकडा, सगळं धरून आकडा आला सोळा. मी अकराव्या रकान्यावर पेन टेकवलं, एक काढला आणि, खरं सांगतो, हात आपोआप दहाच्या शून्याकडे वळला. एवढा खर्च करून सोळा म्हणजे नसती विचारणा. वहिनी समोर स्टुलावर बसल्या होत्या. त्यांनी भिंतीला टेकवलेली चावी उचलून जमिनीवर एकदा आपटली.

मी सोळा लिहिलं.

तीन आठवड्यांत पत्र आलं. ठरलेला मजकूर, ठरलेला शिक्का: ‘आपल्या गावाची गळती पूर्वी सातत्याने दहा टक्के असताना, नवीन पाइप टाकूनही ती सोळा टक्के कशी, याचे स्पष्टीकरण उलट टपाली द्यावे.’ मी पत्र घेऊन खालच्या आळीत गेलो. वहिनी नातीची वेणी घालत होत्या. मी मोठ्याने वाचून दाखवलं आणि विचारलं, “काय लिहू? दोन पानं तरी लागतील.”

“कशाला दोन पानं?” त्यांनी वेणीची गाठ आवळली. “दोन शब्द लिहा.”

मी कोरा कागद काढला. त्यांनी सांगितलं तसं, माझ्या वळणदार अक्षरात, खाली आम्हा दोघांच्या सह्या घेऊन, मी स्पष्टीकरण पाठवलं: ‘मोजली म्हणून.’